सगळे म्हणाले, आराम कर

उकडीच्या मोदकाची पारी करताना दोन्ही अंगठे आत, बाकीची बोटं बाहेर, आणि ती वाटी हातातल्या हातात फिरवत राहायची. मग कळ्या. चिमटीत उकड धरायची, जरा ओढायची, की लगेच शेजारची चिमूट. वीसेक वर्षं मी हे काम टीव्हीवर नजर ठेवून करत आले. बडोद्यात मराठी घरं आजही भरपूर आहेत, पण उकड काढून बसणाऱ्या बायका कमी झाल्यात. त्यामुळे गणपतीत मोदकांच्या, होळीला पुरणपोळ्यांच्या आणि दिवाळीत चकल्यांच्या ऑर्डरी माझ्याकडे येतात. धंदा मोठा नाही, पण माझा स्वतःचा आहे.

२०२२ साली चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. पहाटे साडेतीनला उठून बसले होते. दुसरा घाणा चालू असताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली की पारी हातातून परातीत पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. उरलेले मोदक सासूबाईंनी आणि मी मिळून कसेबसे पुरे केले, तेही अकराच्या जागी सात-सात कळ्यांचे. गिऱ्हाइकांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही. मला मात्र ते डब्यात भरताना लाज वाटली.

मी तेव्हा ४८ वर्षांची होते. त्याआधी चार-सहा महिने सकाळी उठलं की बोटं सुजल्यासारखी वाटायची, मूठ पुरती वळायची नाही. पलंगावरून पाय खाली टेकवले की पहिली दहा पावलं म्हातारीची, मग हळूहळू माझी. पाळी वर्षभर मनाला येईल तशी येत होती, कधी पंचवीस दिवसांनी, कधी अडीच महिन्यांनी. रात्री दोन-तीनदा अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं आणि गाऊन भिजायचा. पण या गोष्टी मी कधी एका दमात कुणाला सांगितल्या नव्हत्या. पाळीचं ते बायकांच्या डॉक्टरकडचं, बोटांचं ते हाडांच्या डॉक्टरकडचं, आणि घाम म्हणजे बडोद्याचा ऑगस्ट, असे माझ्या डोक्यात तीन वेगळे कप्पे होते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाईंनी वांगी, वाटाणे आणि हरभऱ्याची डाळ वातूळ म्हणून बंद केली. पुरणपोळ्यांवर चाललेल्या घरात हरभऱ्याच्या डाळीवर बंदी! आंबटही बंद, म्हणजे कढी गेली, खमणाबरोबरची चटणी गेली. समोरच्या बेन म्हणाल्या, ‘हवे उंमर थई, बेन. आराम करो.’ हे कोयलीच्या रिफायनरीत शिफ्टला जातात, त्यांनी शांतपणे विचारलं, ‘ऑर्डरी बंद केल्या तर काय अडणार आहे आपलं?’ प्रेमानेच विचारलं. मला ते जास्त लागलं.

तरी मी आराम केला. दिवाळीत चकल्या घेतल्या नाहीत, कारण सोऱ्या पिळताना अंगठा बंड करायचा. धुण्याला बाई लावली. वर गच्चीत जाणं सोडलं. दुपारभर हिंचक्यावर बसून असायची. आमच्याकडे हिंचका म्हणजे घरातला एक माणूसच असतो, त्याच्याशी माझी चांगली मैत्री झाली. तीन महिन्यांत वजन ६७ वरून ७१ किलो झालं. गुडघे मात्र आधीपेक्षा जास्त कुरकुरायला लागले. मग मी आणखी आराम केला.

आता त्या पुडीचं सांगते, कारण तेच सांगायला सगळ्यात जड जातं. भजनी मंडळातल्या एकीने शहराबाहेरच्या कुणाकडून तरी संधिवाताचं देशी औषध आणलं होतं. कागदाच्या पुड्या, सकाळ-संध्याकाळ एक. नाव नाही, लेबल नाही. ‘जडीबुट्टी आहे, नुकसान काही नाही,’ इतकाच भरवसा. तिसऱ्या दिवशी मी मूठ वळवली. आठव्या दिवशी परकराची नाडी स्वतः घट्ट बांधली. पंधराव्या दिवशी मांडी घालून बसले आणि ह्यांना हाक मारून दाखवलं. भूक इतकी लागायची की रात्री उठून शेव खायची. चेहरा भरला, तेव्हा सगळे म्हणाले, तब्येत छान झाली. सहाव्या आठवड्यात पुड्या संपल्या आणि नवीन यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत असं अंग धरलं की कूस बदलताना तोंडातून आवाज निघायचा, आणि उभी राहिले की चक्कर.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी बोटं बघायच्या आधी चेहरा बघितला. ‘हा असा गोल कधीपासून?’ मग पुडीबद्दल विचारलं. मी आधी नाही म्हटलं. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, तेव्हा पर्समधून रिकामा कागद काढून दिला. त्यांनी जेवणानंतरची साखर तपासली, २१० निघाली. घरात मधुमेह कुणाला नाही. ते म्हणाले, लॅबमध्ये तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही, पण अशा पुड्यांत बहुतेक वेळा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दुखणं दोन दिवसांत पळतं, ते त्याच्यामुळे. स्टिरॉइड हे औषध म्हणून वाईट नाही, काही आजारांत ते जीव वाचवतं. पण न मोजता, न सांगता दिलेलं वाईट. शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, म्हणून एकदम सोडलं तर माणूस कोसळू शकतो. त्यांनी आपल्या देखरेखीखाली, गोळीचा डोस मोजून कमी करत करत काही आठवड्यांत ते माझ्याकडून सोडवलं. त्या आठवड्यांतलं मी फारसं आठवत नाही, आणि आठवायचंही नाही.

ती १४ जानेवारी मात्र आठवते. उत्तरायणाला बडोदं घरात राहत नाही, गच्चीवर राहतं. सकाळी सहापासून ‘काइपो छे’चा, म्हणजे पतंग कापल्याचा आरडाओरडा. तिळगुळाचा डबा घेऊन मी जिन्याच्या तळाशी उभी होते. अठरा पायऱ्या. सातवीवर बसले. वरून मुलीने हाक मारली, ‘आई, येतेयस ना?’ मी म्हटलं, खाली कुणी आलंय.

स्टिरॉइड सुटल्यावर रक्ताच्या तपासण्या झाल्या. मला खरी भीती होती ती आमवाताची, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसची. माझ्या मावशीला तो होता. तिची बोटं सगळी एका बाजूला वळली होती, आणि चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरायची. डॉक्टरांनी माझे हात टेबलावर पालथे ठेवायला सांगितले आणि एकेक सांधा दाबत गेले. विचारलं, सकाळचा कडकपणा किती वेळ टिकतो? मी म्हटलं, दूध तापत ठेवते आणि ते उतू जायच्या आत पातेलं उचलता येतं, इतका. त्यांनी हसून वीस मिनिटं लिहिलं. आमवातात हा कडकपणा सहसा तासभर किंवा जास्त टिकतो, आणि आमवात आधी पंजाकडचे सांधे धरतो, म्हणजे बोटांची मुळं आणि मधले सांधे. माझं दुखत होतं ते नखांजवळच्या सांध्यांत आणि अंगठ्याच्या बुडाशी. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या, अंगातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी सरळ, युरिक अ‍ॅसिड सरळ, थायरॉईड सरळ. ड जीवनसत्त्व फक्त ११. ते वीसच्या खाली असलं की कमतरता समजतात. उन्हाने भाजून निघणाऱ्या शहरात राहून ही गत, कारण ऊन असतं तेव्हा आपण आत.

नखांजवळ दोन बोटांवर टणक, वाटाण्याएवढ्या गाठी आल्या होत्या. मला वाटायचं, लाटण्याने घट्टे पडलेत. डॉक्टर म्हणाले, या हेबर्डनच्या गाठी, सांधा झिजल्याने येणाऱ्या. अठराव्या शतकातल्या विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टराने त्यांचं वर्णन केलं आणि ही वातरक्ताची, म्हणजे गाऊटची गाठ नव्हे, हे वेगळं काढून दाखवलं. बायकांत जास्त, पाळी जायच्या सुमारास सुरू होणाऱ्या, आणि बरेचदा आईकडून लेकीकडे येणाऱ्या.

आईकडून म्हटल्याबरोबर मला माझ्या आईचे हात दिसले. चैत्रातल्या हळदीकुंकवाला ती बायकांची ओटी भरायची, तेव्हा तिची तर्जनी टोकाला किंचित वाकडी दिसायची, आणि त्यावर तशीच गाठ. आम्ही बहिणी तिला चिडवायचो, आईचं बोट आल्याच्या तुकड्यासारखं झालंय. ती हसून पदराखाली हात घ्यायची. तेव्हा ती किती वर्षांची असेल, याचा हिशेब मी डॉक्टरांच्या खुर्चीत बसून केला. पन्नास.

गुडघ्यांच्या एक्स-रेत सुरुवातीची झीज दिसली. डॉक्टरांनी फिल्मकडे फार वेळ बघितलंही नाही. म्हणाले, फिल्म आणि दुखणं यांचं गणित जुळतंच असं नाही. खराब फिल्मवाली माणसं पावागढ चढतात आणि चांगल्या फिल्मवाली रिक्षा शोधतात. मग त्यांनी मला बायकांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मला वाटलं, गुडघ्याच्या तक्रारीसाठी तिकडे कशाला?

त्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, शेवटची पाळी कधी? डिसेंबरात. त्याआधी? सप्टेंबरात. झोप? वाफा? कप्पे फोडून टाकायला एवढे चार प्रश्न पुरले. इस्ट्रोजेन हे फक्त पाळीचं संप्रेरक, असं मला वाटायचं. पण त्याला ओळखणाऱ्या जागा सांध्याच्या कूर्चेत असतात, सांध्याच्या आतल्या अस्तरात असतात, हाडांत आणि स्नायूंतही असतात. ते उतरायला लागलं की सांधे जास्त चिडतात, स्नायू लवकर कमी होतात, हाडं विरळ होऊ लागतात. वर रात्रीच्या वाफांनी झोप मोडते, आणि अर्धवट झोपेच्या माणसाला तेच दुखणं दुप्पट वाटतं. मी विचारलं, म्हणजे माझा संधिवात पाळीमुळे? त्या म्हणाल्या, ‘गाठी तुमच्या आईच्या, वजन तुमचं, अंगठा तुमच्या पुरणपोळ्यांचा. पण सगळ्यांनी एकदम डोकं वर काढलं, त्याची वेळ पाळीने ठरवली.’ पाळी जाताना होणाऱ्या या सगळ्या हाडा-स्नायूंच्या त्रासाला मिळून एक इंग्रजी नाव सुचवलं गेलं, तेही पुढे २०२४ साली. तोवर तो बायकांच्या कुरकुरीतच जमा.

हार्मोनच्या गोळ्यांचा विषय निघाला. २००२ साली अमेरिकेतला या गोळ्यांचा एक मोठा अभ्यास धोके दिसल्याने थांबवला गेला, तेव्हापासून लोक त्यांना घाबरतात. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी नुकतीच गेलेल्या, साठीच्या आतल्या, बाकी तब्येत धड असलेल्या बाईचा हिशेब वेगळा असतो. वाफा आणि झोपेला या औषधाचा चांगला उपयोग होतो, हाडांना आधार मिळतो, सांधेही थोडे नरम पडू शकतात. पण फक्त सांध्यांसाठी म्हणून ते सहसा देत नाहीत. माझ्या मोठ्या बहिणीला स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय. बाईंनी सांगितलं, तेवढ्याने तुम्हाला पूर्ण बंदी नाही, तपासून ठरवू. मी नको म्हटलं. हा निर्णय माझा, तो बरोबरच होता असा माझा दावा नाही. माझ्या एका मैत्रिणीने औषध घेतलं आणि ती सुखात आहे.

बहिणीचं नाव निघालं तेव्हा एक जुनी गोष्ट अचानक उलगडली. ऑपरेशननंतर तिला इस्ट्रोजेन बनणं थांबवणाऱ्या गोळ्या पाच वर्षं होत्या. त्या सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत ती फोनवर सांगायची, सकाळी बोटं उघडत नाहीत गं, लाकडासारखी होतात. आम्ही म्हणायचो, मोठ्या आजारातून उठलीस, एवढं चालायचंच. ती नेमकं तेच सांगत होती जे पुढे मला होणार होतं, आणि मी तिला आराम कर म्हणाले होते.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये कण्याचा आकडा उणे १.८ आला. उणे एकपासून उणे अडीचपर्यंत हाडं विरळ व्हायला लागलेली, त्याच्याही खाली गेली की ठिसूळ, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. मी मधल्या गावात होते. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, अशा आठ. पुडी म्हटल्यावर माझा चेहरा बघून बाईंनी पाकीट हातात दिलं, ‘वाचा, यावर सगळं छापलंय.’ आठवड्याला एक म्हणजे एकच. आमच्या सोसायटीत एकीने रोज घ्यायला सुरुवात केली होती, तिला मी थांबवलं. जास्त झालं की तेही विषच. दुखेल तेव्हा पोटात गोळी घेण्याऐवजी बोटांना आणि गुडघ्यांना लावायचं जेल दिलं, कारण मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि दुखण्याच्या गोळ्या रक्तदाब, पोट आणि मूत्रपिंड तिघांशी भांडतात. ह्यांनी हौसेने ग्लुकोसामिनची, सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांची, मोठी बाटली आणली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत एकंदर रुग्णांमध्ये ती नुसत्या दाखवायच्या गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती, असं कळल्यावर बाटली संपवली आणि पुन्हा आणली नाही.

आणि मग फिजिओथेरपी. मला वाटलं होतं, शेक देतील, वायरी लावतील, आपण पडून राहायचं. दिलाही शेक. हातांसाठी वितळलेल्या मेणाचं भांडं होतं, त्यात पंजा बुडवून काढायचा, पुन्हा बुडवायचा, मग मेणाचा पांढरा हातमोजा घालून वीस मिनिटं बसायचं. इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. पण फिजिओ मुलगी, जेमतेम सव्वीसची, गुजराती, मला मासी म्हणणारी, ती म्हणाली की हे नुसतं तोंड गोड करणं आहे, जेवण पुढे आहे. तिने माझी मांडी टेपने मोजली आणि हातात उचलून बघितली. गुडघ्याला सांभाळतो तो मांडीचा पुढचा स्नायू. पाच महिन्यांच्या आरामात तो माझ्याकडे नावापुरता उरला होता. ‘मासी, तमे आराम बहु कर्यो,’ ती म्हणाली. इतक्या दिवसांत हे बोलणारी ती पहिलीच.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, तो पाच आकडे वर धरायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. ओट्याच्या पायरीवर चढ-उतार. ऐकायला पोरखेळ. पहिल्या दिवशी खुर्चीवरून चारदा उठले आणि पाचव्यांदा उठताच येईना. दुखलं तर? दुखेल, ती म्हणाली. थोडं दुखलं आणि तासा-दोन तासांत उतरलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं, तेव्हा आकडा कमी करायचा, बंद नाही करायचं. हा नियम मला पटला, कारण तो पुरणासारखा आहे. चटका लागला म्हणून कुणी पातेलं उतरवून ठेवत नाही, आच कमी करतो.

पुढे पायाला वजन बांधायला सांगितलं. बाजारात त्याचे पट्टे मिळतात. मी जुन्या पेटीकोटाच्या कापडाच्या दोन लांबट पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत मोजून अर्धा किलो मूग भरले आणि नाड्या लावल्या. सासूबाई म्हणाल्या, पायाला डाळ बांधून कोणता वात जातो? मी म्हटलं, हरभरा वातूळ, मूग चालतात.

सासऱ्यांचे वडील म्हणे दांडियाबाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात माणिकरावांच्या हाताखाली लेझीम आणि लाठी शिकले होते. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, मिशा आणि मांड्या दोन्ही पाहण्यासारख्या. ज्या घरात जोर-बैठकांचे किस्से मी लग्नापासून ऐकत आले, त्या घरात बायकांना व्यायाम म्हणून माहीत होता तो उंबरठा ओलांडून भाजी आणण्याचा. हे माझं जरा तिरकस बोलणं झालं, पण खोटं नाही.

अंगठ्यासाठी पट्टा मिळाला, तो कामाच्या वेळी घालायचा. स्वयंपाकघरात बरंच बदललं. कणीक तिंबायला यंत्र घेतलं. लाटण्याच्या मुठींवर जुनी सुती पट्टी गुंडाळून त्या जाड केल्या, कारण बारीक मूठ आवळताना अंगठ्याच्या बुडावर जास्त जोर येतो. पातेलं कानाला धरून एका हाताने उचलायचं नाही, दोन्ही तळवे खाली घालायचे. पिळण्याचं प्रत्येक काम दुसऱ्याकडे द्यायचं: फडकं, सोऱ्या, घट्ट झाकण, पुरणयंत्राचा दांडा. पुरणयंत्र आता हे फिरवतात. शिफ्टवरून आल्यावर, बनियनवर, क्रिकेट बघत. वजन दीड वर्षात ७१ वरून ६६ वर आलं. फिजिओ म्हणाली, एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी उतरतो, असं एका अभ्यासात मोजलंय. पाच किलो म्हणजे वीस. वीस किलोचं कणकेचं पोतं मी दर महिन्याला दुकानातून आणवते, हमालाला ते खांद्यावरून खाली टाकताना बघते. तेवढं मी पावलोपावली उचलून चालत होते.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं नाही. २०२३च्या मध्यात डावा खांदा धरला. आधी रात्रीची ठणक, मग हात मागे जाईना. ब्लाउजच्या हुकांपर्यंत पोचेना, वेणी घालता येईना, देव्हाऱ्यावरच्या फळीवरून समई काढता येईना. फ्रोझन शोल्डर, चाळिशी-साठीतल्या बायकांना जास्त होणारं. साखर वर असेल तर आणखी. माझी साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ६.१ टक्के होती, म्हणजे मधुमेहाच्या दारात. जपानी भाषेत याला ‘पन्नाशीचा खांदा’ असंच म्हणतात म्हणे. हे कळल्यावर मला का कोण जाणे, बरं वाटलं. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, खडूने खूण करायची. आमच्या न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत, लहानपणी मुलीची उंची मोजायचो त्याच्या शेजारी. पूर्ण सुटायला पावणेदोन वर्षं लागली, आणि पूर्ण म्हणजे नव्वद टक्के.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी फुगली आणि आमच्या सोसायटीत पाणी शिरलं. रात्री नऊला पहिल्या पायरीशी होतं, साडेअकराला ओट्यावर. मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ फोनवर फिरत होते. चतुर्थी दहा दिवसांवर, तांदळाची पिठी, गूळ, डबे, सगळं तळमजल्यावर. मी आणि हे दोघांनी ते वर नेलं. पिठाचे डबे छातीशी धरून, अंगठा मोकळा ठेवून. मागून सासूबाईंना एकेक पायरी धरून चढवलं. वर पोचल्यावर, दिवे गेलेले, मेणबत्तीच्या उजेडात बसलो असताना माझ्या लक्षात आलं की त्या अठरा पायऱ्या मी निदान पंधरा वेळा चढले आणि एकदाही मोजल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले, ते वेगळं. आकडा कमी केला.

त्या रात्री सासूबाईंनी स्वतःहून विषय काढला. त्यांची पिशवी ४१व्या वर्षी काढली होती, सगळंच काढलं होतं, आतलं काही ठेवलं नव्हतं. ‘दुसऱ्याच वर्षी गुडघे धरले. मला वाटलं, ऑपरेशनची वेळ वाईट होती. शनिवार होता.’ पस्तीस वर्षं त्या शनिवारी तेल वाहतायत. अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन हळूहळू नाही, एका दिवसात जातं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे शनिमहाराजांना मी उगीच बोल लावला.’

नवरात्रात मी एक फेरा धरला. बडोद्याचा गरबा मोठ्या वर्तुळांचा, मध्ये गाणारे, भोवती माणसांची कडी, पायांत काही नाही. दोन वर्षं मी खुर्चीवर बसून चपला सांभाळल्या होत्या. फिजिओने बजावलं होतं की गिरकी नाही, बसून उठणं नाही, सगळ्यात बाहेरच्या कडीत राहायचं. बाहेरच्या कडीत सगळ्या माझ्यासारख्याच होत्या. दोन टाळ्यांवर चाललो, तिसरीला कुणी वाकलं नाही. एकीच्या मनगटाला माझ्यासारखाच पट्टा होता, तिने तो ओढणीच्या लेसने सजवला होता. पत्ता विचारून घेतला लेसवालीचा.

यंदाच्या चतुर्थीला मोदक केले. पारीला साचा वापरला, ज्याला मी आयुष्यभर नावं ठेवली. कळ्या हाताने पाडल्या, पण नवाच्या. ऑर्डरी निम्म्या घेतल्या आणि भाव वाढवला. कुणी कुरकुरलं नाही, म्हणजे आधीच वाढवायला हवा होता. तर्जनीची गाठ तशीच आहे, दुखत नाही, टोक जरासं वाकलंय. मुलगी पुण्याहून आली होती, डबे भरताना तिने माझं बोट धरून बघितलं आणि मग स्वतःचं. मी तिला आजीची गोष्ट सांगितली.

सासूबाईंचा टॉवेल आता माझ्या टॉवेलशेजारी असतो. सकाळी दोघी पलंगावर पाय पसरून दहापर्यंत मोजतो. त्या सातालाच दहा म्हणतात. मुगाच्या पिशव्याही त्यांना हव्या होत्या, म्हणून माझ्यातलीच एक दिली. मागच्या गुरुवारी घरात डाळ नव्हती आणि पाऊस कोसळत होता, तेव्हा त्यांनी पिशवीची शिवण उसवून खिचडी टाकली. चांगली झाली होती. फिजिओला अजून सांगितलेलं नाही.